यातना, शिक्षा आणि भिंतीवरचे घोडे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला 'पेंट' आणि 'पेन' हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात. एक रंगवणं, दुसरं दुखणं. सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर त्यांचं लेखनही आजच्यापेक्षा जास्त सारखं दिसे. आम्हा कवींना अशी जवळीक फार आवडते. रंग आणि वेदना एकाच मुळातून आल्या, असं म्हणून टाळी घेता येते. पण शब्दांची कुळं तपासली तर हे भाऊ नव्हेत, नुसते शेजारी निघतात. मात्र दोघांनी आपापल्या घरून काय आणलं ते पाहण्यासारखं आहे. त्याचा संबंध थेट आपल्या सातपुड्याशी येतो.

सन 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. त्यात हे दोन्ही आले. त्याआधी इंग्रज चित्रकाराला 'मेतेरे' म्हणत आणि वेदनेला 'सार'. हा 'सार' आजच्या 'सोअर'मध्ये शिल्लक आहे.

'पेंट'चं मूळ लॅटिन 'पिंगेरे'. त्याचा सर्वांत जुना अर्थ रंग लावणं नव्हे, तर कोरणं, कापून खूण करणं. संस्कृतातला 'पिंश्' हा धातू त्याच घराण्यातला. आपलं 'लिहिणं' ज्या 'लिख्' धातूपासून आलं, त्याचाही पहिला अर्थ ओरखडा काढणं. त्यातूनच अक्षर आलं आणि चित्रही. संस्कृतात चित्राला 'आलेख्य' म्हणतात ते याचमुळे. म्हणजे रंगाच्या आधी ओरखडा होता. गोंदवून घेणाऱ्या आपल्या भिल्ल आणि पावरा बायांना हे कोशात पाहावं लागत नाही.

'पेन'ची कथा वेगळी. ग्रीक भाषेत 'पॉइने' म्हणजे खुनाबद्दल द्यायची भरपाई. लॅटिनमध्ये त्याचं 'पोएना' झालं, अर्थ शिक्षा. त्यातून 'पेनल्टी' आली आणि 1860 चा 'इंडियन पीनल कोड'ही. त्याची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेनं घेतली. इंग्रजीत 'पेन' आला तेव्हा त्याचा अर्थही आधी शिक्षा असाच होता. जे शिक्षेमुळे होतं, ते दुखणं, असा अर्थ पुढे पसरला. आमच्या घरातल्या उर्दूत मनातल्या आकसाला 'कीना' म्हणतात. हा फारसी शब्दही त्याच प्राचीन मुळाचा, सूडाच्या अर्थानं आलेला.

आपण मराठी माणसं यापासून दूर आहोत का? मुळीच नाही. 'यातना' या संस्कृत शब्दात परतफेडीचा, केल्या कर्माच्या दंडाचा अर्थ आहे. यमयातना, नरकयातना हे शब्द तिथलेच. पोटात शूळ उठतो, तो शूळ म्हणजे टोकदार शस्त्र. आणि गुन्हेगाराला ज्यावर चढवत तो सूळ त्याचाच भाऊ. दूरदूरच्या भाषांनी एकच समजूत जपली : दुखतंय, म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकलंय.

आता नर्मदेच्या पलीकडे जाऊ. धडगाव, अक्कलकुव्याला लागून गुजरातचा छोटा उदेपूर आणि मध्य प्रदेशातला अलीराजपूर हा मुलूख आहे. तिथले राठवा, भिलाला लोक घरात आजारपण आलं, गुरं दगावली, मूल होईना, की बाबा पिठोराला नवस बोलतात. नवस फेडायचा तो घराच्या भिंतीवर घोडे काढून. ही चित्रं काढणाऱ्याला ते 'लखारा' म्हणतात, म्हणजे लिहिणारा. पिठोरा रंगवत नाहीत, लिहितात. लिहून झालं की बडवा ते तपासतो. छोटा उदेपूर भागातले पिठोरा कलावंत परेश राठवा यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

शब्द पाहा : नवस 'फेडतात'. कर्जही फेडतात. ग्रीकांच्या 'पॉइने'मध्येही देणं चुकवणंच होतं. व्युत्पत्तीनं जे दोन शब्द नातेवाईक ठरले नाहीत, ते इथे भिंतीवर भेटतात. दुःखाचं देणं माणूस चित्रानं फेडतो. ज्या परंपरेनं भयातून एवढं सुंदर काही उभं केलं, तिला मी हात जोडतो.

पण एक प्रश्न उरतो. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजार बराच आढळतो. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. अशा वेळी आईच्या तोंडून निघतं, 'कोणत्या पापाची ही शिक्षा?' हे वाक्य तिचं एकटीचं नाही, ते भाषेनं हजारो वर्षं तिच्यासाठी तयार ठेवलेलं आहे.

विज्ञानाचं उत्तर उलट आहे. आई आणि वडील दोघांकडून हा गुण आला तरच मुलाला आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो, आणि अशा वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. ए. सी. ॲलिसन यांनी 1954 मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे मलेरियाच्या मुलखात ज्या गुणानं पिढ्या जगवल्या, त्याचंच हे दुसरं टोक. यात ना कुणाचा गुन्हा, ना शिक्षा. साध्या रक्ततपासणीनं आजार ओळखता येतो, औषधांनी कळा कमी करता येतात. 1 जुलै 2023 रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू झाली आहे. पण शिक्षा भोगणारा माणूस दवाखान्यात जात नाही, तो मुकाट्यानं भोगतो. तपासणीला अडथळा येतो तो असा, शब्दाचाही.

भाषेत दुसरे शब्दही आहेत. फारसीतला 'दर्द' मराठीत आला आणि गाण्याच्या जाणकाराला आपण 'दर्दी' म्हणू लागलो. स्वतः दुखणारा कळवळतो, आणि दुसऱ्यासाठी वाटतो तो कळवळा. या शब्दांत न्यायाधीश नाही, सोबती आहे. दुखणाऱ्याला 'काय केलंस?' असं विचारण्याऐवजी 'कुठे दुखतंय?' एवढंच विचारलं, तरी जुन्या शिक्षेतली थोडी आपण माफ केली असं होईल.