बिनतारी यंत्रांचा कारभारी

यवतमाळ जिल्ह्यांतील नेर हें तालुक्याचें गांव. नेर परसोपंत या नांवानेंहि तें ओळखलें जातें. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारा हा मुलूख. अशा गांवांतील एखाद्या विद्यालयाच्या दहा वर्गांत दहा पांढऱ्या पेट्या छतास टांगल्या आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येक पेटी बिनतारी लहरी फेंकते व झेलते. विद्यार्थ्यांच्या हातांतील यंत्रें त्या लहरींच्या द्वारें जगाशीं बोलतात. तंत्रज्ञ या पेटीस ॲक्सेस पॉइंट म्हणतात. लोकांच्या तोंडीं मात्र सगळ्यालाच वाय-फाय हें एकच नांव आहे. पेट्या दहा असल्या तरी त्यांस हुकूम देणारा कारभारी एकच असतो. त्यास कंट्रोलर असें म्हणतात. तो बहुधा त्या वर्गांत नसतो आणि कित्येकदां तर गांवांतहि नसतो. या कारभाऱ्याची गरज कां पडली आणि त्यानें कोठें बसावें, या प्रश्नाचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. त्याचा एक आरंभींचा अध्याय महाराष्ट्राच्याच भूमीवर घडला.

1927 सालच्या सप्टेंबरांत हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें बीम पद्धतीची बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. संदेश पाठविणारें स्थानक पुण्याजवळ खडकीस होतें आणि संदेश घेणारें दौंडास. पलीकडे इंग्लंडांत ग्रिम्सबीस प्रक्षेपण होई व स्केग्नेसला ग्रहण. हीं कामें दोन ठिकाणीं विभागण्याचें कारण साधें आहे: शेजारीं ढोल वाजत असतां दूरची कुजबूज ऐकूं येत नाहीं. परंतु व्यापाऱ्याचा संदेश खडकीस नेऊन द्यावा लागत नसे. तो मुंबईच्या कचेरींत घेतला जाई. तेथूनच जमिनीवरील तारेनें दूर असलेला खडकीचा प्रक्षेपक चालविला जाई; आणि लंडनचें उत्तर दौंडास उतरून पुन्हां तारेनेंच मुंबईस येई. खडकीस तोंड होतें, दौंडास कान होते. विचार मुंबईंत होत असे. बिनतारी म्हणविणाऱ्या या सेवेचा कारभार अखेरीस एका तारेच्या टोकाशींच बसलेला होता.

केंद्र हवें कशाला, याचें गणिती उत्तर मात्र पुष्कळ पुढें मिळालें. 1971 सालच्या जूनमध्यें हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं अलोहा नांवाची योजना चालू केली. बेटांवर विखुरलेलीं यंत्रें ओआहू बेटावरील मुख्य संगणकाशीं लहरींनीं जोडावयाचीं होतीं. संगणकाकडे येण्याची वाट सर्वांस मिळून एकच. जो तो मनास येईल तेव्हां बोले. दोघे एकदम बोलले कीं दोघांचेंहि बोलणें वायां जाई व थोडें थांबून पुन्हां बोलावें लागे. हिशेब करतां असें दिसलें कीं, या स्वैर पद्धतींत वाटेच्या सामर्थ्यापैकीं फार तर 18 टक्के सामर्थ्य कामास येतें. 1972 सालीं लॅरी रॉबर्ट्स यांनीं सुचविलें कीं, सर्वांनीं एका सामाईक घड्याळाच्या ठोक्यावरच बोलण्यास आरंभ करावा. एवढ्या एका नियमानें तें प्रमाण 37 टक्क्यांच्या घरांत गेलें. यंत्रें तींच राहिलीं, लहरी त्याच राहिल्या. मेळ तेवढा वाढला आणि काम दुप्पट झालें.

हाच धडा वाय-फायला पुन्हां शिकावा लागला. 1997 सालीं आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनें 802.11 हें मानक प्रसिद्ध केलें. भारतांत 2005 सालीं 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याचा वापर परवान्याच्या अटींतून मोकळा झाला. आरंभींची प्रत्येक पेटी स्वयंभू होती. परवलीचा शब्द बदलावयाचा झाला तर एकेका पेटीकडे जाऊन तो बदलावा लागे. त्याहून मोठी अडचण शेजाराची होती. या पट्ट्यांत भारतांत तेरा वाहिन्या वापरतां येतात खऱ्या. पण 1, 6 आणि 11 अशा तीनच वाहिन्या निवडल्या तरच त्या एकमेकींच्या अंगावर पडत नाहींत. दहा वर्गांतील दहा पेट्यांनीं आपापल्या मनानें वाहिनी घेतली, तर भिंतीपलीकडच्या दोन पेट्या एकाच वाहिनीवर येऊन परस्परांचें बोलणें तुडवूं लागतात. शिवाय आपलाच आवाज मोठा असावा म्हणून प्रत्येकीनें शक्ति वाढविली, तर गोंगाट वाढतो, ऐकूं मात्र कोणासच नीट येत नाहीं.

म्हणून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मध्यवर्ती कारभारी पुढें आला. कोणत्या पेटीनें कोणती वाहिनी घ्यावी, आवाज किती ठेवावा, एका पेटीवर गर्दी झाली तर कोणास शेजारच्या पेटीकडे वळवावें, कोणास आंत घ्यावें व कोणास दारांतूनच परतवावें, हें सर्व तो एका ठिकाणाहून ठरवितो. चालतां चालतां एका वर्गांतून दुसऱ्यांत गेलेल्या मनुष्याचें संभाषण तुटूं नये, याचीहि व्यवस्था तो पाहतो. मार्च 2009 मध्यें इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या मंडळानें कारभारी व पेट्या यांच्या बोलण्याचे नियम कॅपवॅप या नांवानें प्रसिद्ध केले. त्या नियमांतील महत्त्वाची गोष्ट ही कीं, हुकमाची वाट वेगळी आणि मालाची वाट वेगळी ठेवलेली आहे. त्यामुळें हुकूम दुरून आला तरी प्रत्यक्ष माहितीची देवघेव जागच्या जागीं होऊं शकते.

हा भेद नेरसारख्या गांवीं विशेष मोलाचा ठरतो. कारभारी दूरच्या शहरांत बसला असून सर्व माल त्याच्याच हातून जात असेल, तर रस्त्याच्या खोदकामांत मधली तार तुटतांच दहाहि पेट्या मुक्या होतात. मग शाळेच्याच कपाटांत ठेवलेल्या संगणकावरील धडासुद्धां शेजारच्या वर्गांत उघडत नाहीं. तेंच हुकूम दुरून व देवघेव जागेवर अशी योजना असेल, तर बाहेरचें जग तुटलें तरी घरांतलें काम चालतें. दुसरा प्रश्न मालकीचा आहे. कांहीं कंपन्यांच्या पद्धतींत वार्षिक परवान्याची मुदत संपली कीं, पेटी धडधाकट असूनहि सेवा थांबते. पेटी शाळेची, वीज शाळेची, पण शेवटचा शब्द दुसऱ्याचा. तिसरी गोष्ट अशी कीं, कोण कोणत्या वेळीं कोणत्या पेटीपाशीं होता, याची नोंद कारभाऱ्याच्या वहींत आपोआप होते. ती वही कोणी वाचावी, याचा निर्णय आधींच झालेला बरा.

बीम सेवेचा पुढील इतिहास येथें बोलका आहे. खडकी आणि दौंड हीं स्थानकें या देशांत होतीं, पण ती सेवा खासगी कंपनीच्या हातीं होती. ती सरकारनें 1 जानेवारी 1947 रोजीं आपल्या हातीं घेतली व ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हें खातें उभें राहिलें. स्थानकें जागचीं हाललीं नाहींत. हुकूम देणारा बदलला, आणि तोच बदल महत्त्वाचा ठरला.

9 डिसेंबर 2020 रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें पीएम-वाणी योजनेस मान्यता दिली, तेव्हां हें केंद्र एका हातीं न ठेवतां वांटून देण्याचा मार्ग पत्करला गेला. तीनुसार नेरच्या बाजारांतील एखादा किराणा दुकानदारहि पेटी लावून सार्वजनिक डेटा कार्यालय चालवूं शकतो. त्यास परवाना, नोंदणी वा शुल्क यांची आवश्यकता नाहीं. अशा अनेक दुकानांचा हिशेब व प्रवेशाची तपासणी नोंदणीकृत समूहचालकाकडे, ग्राहकाची नोंद ॲप पुरविणाऱ्याकडे आणि सर्वांची मध्यवर्ती सूची सी-डॉट या सरकारी संस्थेकडे, अशी ही वांटणी आहे.

कारभाऱ्यावांचून दहा पेट्यांचा गोंगाट होतो, हें अलोहाच्या गणितानें दाखविलें. कारभार कोणाच्या हातीं आहे हें महत्त्वाचें असतें, हें खडकी-दौंडच्या इतिहासानें दाखविलें. म्हणून शाळेसाठीं वा कचेरीसाठीं पेट्या विकत घेतांना लहर किती दूर जाते एवढेंच विचारून भागत नाहीं. तार तुटली तर काय चालेल, मुदत संपली तर काय उरेल आणि नोंदवही कोणाकडे राहील, हे तीन प्रश्न पैसे मोजण्यापूर्वींच विचारले पाहिजेत.