कायद्याच्या रेषेपुढील कारखानदार

कायदा पाळणाऱ्याचा सत्कार करावा काय, असा प्रश्न कोणीं विचारल्यास त्याचें उत्तर बहुतेक नकारार्थीच येईल. ज्यानें चोरी केली नाहीं त्यास कोणी पदक देत नाहीं. परंतु कायद्यानें जेवढें मागितलें त्याहून अधिक जो आपण होऊन करतो, त्याची गोष्ट निराळी. कारखान्यांतून निघणारा धूर, वायु आणि सांडपाणी यांच्या बाबतींत अशा माणसास ओळखावें कसें व त्याचा गौरव करावा तो कशाच्या आधारें, हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. त्याचें मूळ मात्र बरेंच जुनें असून तें इंग्लंडांतील सोड्याच्या धंद्याच्या इतिहासांत सांपडतें.

साबण, कांच व कापड या तिन्ही धंद्यांस सोडा लागतो. मिठापासून तो तयार करण्याची कृति निकोलस लब्लां या फ्रेंच गृहस्थानें शोधून १७९१ सालीं तिचें पेटंट घेतलें. या कृतींत मिठावर गंधकाम्ल ओतलें कीं प्रथम हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु सुटतो. इंग्लंडांत मिठावरील कर उठल्यावर १८२५ नंतर लँकेशायर परगण्यांत सेंट हेलेन्स व पुढें विड्नेस येथें या धंद्याचा मोठा विस्तार झाला. आणि हा वायु धुरांड्यांवाटे मोकळा सोडून देण्यांत येऊं लागला. त्याच्या झोतांत आलेलीं झाडें वठत, कुंपणें सुकत आणि पिकें करपून जात.

कारखानदारांनीं यावर पहिला उपाय योजला तो धुरांडीं उंच करण्याचा. ग्लासगो येथील टेनंट यांच्या कारखान्याचें धुरांडें ४३५ फूट उंच होतें. परंतु उंचीमुळें वायु नाहींसा होत नाहीं, तो दूरच्या शेतांत उतरतो, एवढाच त्याचा अर्थ. लोकांनीं फिर्यादी केल्या. जेम्स मस्प्रॅट या मोठ्या कारखानदारावर लिव्हरपूल शहरानें १८३८ सालीं खटला भरला व तो जिंकलाहि. मात्र जेथें एकाच गांवीं पांच-दहा कारखाने शेजारीं-शेजारीं उभे राहिले, तेथें आपलें शेत कोणत्या धुरांड्यानें जाळलें हें शेतकऱ्यास न्यायासनापुढें सिद्ध करतां येईना. दोषी कोण हें जेथें कळत नाहीं, तेथें निर्दोष कोण हेंहि कळत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

वस्तुतः उपाय हातीं होता. विल्यम गॉसेज यानें १८३६ सालींच असा मनोरा बांधून दाखविला होता कीं, ज्यांत काटक्या-कुटक्या अगर कोक भरून वरून पाणी झिरपत ठेवलें म्हणजे खालून वर चढणारा वायु त्या पाण्यांत विरून जातो. तथापि ज्याचा स्वीकार केल्यानें खर्च वाढतो आणि न केल्यानें कांहींच बिघडत नाहीं, असा उपाय थोड्यांनीं मनावर घेतला, पुष्कळांनीं घेतला नाहीं. अखेरीस सेंट हेलेन्सच्या शेजारचे जमीनदार लॉर्ड डर्बी यांनीं १८६२ सालीं हा विषय उमरावांच्या सभेंत काढला. समिति नेमली गेली आणि १८६३ सालीं अल्कली अॅक्ट मंजूर होऊन १८६४ च्या आरंभापासून तो अंमलांत आला. प्रत्येक कारखान्यानें या वायूचा शेंकडा ९५ भाग अडविलाच पाहिजे, अशी त्याची आज्ञा होती.

या कायद्यावर देखरेख करण्यासाठीं रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. औद्योगिक शहरांवर पडणाऱ्या पावसास आम्लवृष्टि हें नांव आपल्या १८७२ च्या ग्रंथांत रूढ करणारे ते हेच. स्मिथ यांचा स्वभाव फौजदाराचा नव्हता. खटले भरण्यापेक्षां कारखानदारास त्याचा मनोरा कोठें चुकला हें समजावून देण्यावर त्यांचा भर असे. त्यांनीं प्रथम केलें तें मापन. आणि मापनाचें फळ विस्मयकारक निघालें. कायद्यानें शेंकडा ५ भाग सुटण्यास मुभा दिली होती. पहिल्या वर्षाच्या तपासणींत सरासरीनें सव्वा भागाच्या आसपासच वायु सुटत असल्याचें आढळलें. म्हणजे कायद्याची रेषा मुळांतच सौम्य होती आणि कित्येक जण तिच्या पुष्कळ पुढें होते. मोजणारा आला नसता तर ही गोष्ट त्यांच्या शेजाऱ्यांस कधींच कळली नसती.

येथवरची हकीकत कारखानदारांच्या बाजूची आहे. परंतु नाण्यास दुसरी बाजूहि आहे. कायदा हवेविषयीं बोलत होता, पाण्याविषयीं नव्हे. सबब मनोऱ्यांत धरलेलें आम्ल पुष्कळांनीं जवळच्या ओढ्यांत सोडून दिलें. हवा सुधारली, ओढे नासले, आणि तरीहि कायदा अक्षरशः पाळला गेला! शिवाय मर्यादा टक्केवारीची असल्यामुळें कारखाने वाढत गेले तसा एकंदर सुटणारा वायुहि वाढण्यास वाव राहिला. प्रत्येक टन सोड्यामागें दीड-दोन टन गंधकयुक्त गाळ उरे. त्याचे डोंगर गांवाभोंवतीं रचले जात व त्यांतून सडक्या अंड्यासारखी दुर्गंधि पसरे. अशा कारखानदारानें केवळ ९५ चा आंकडा दाखवून गौरवाची अपेक्षा धरली असती तर ती कोणास मान्य झाली असती?

रेषेपुढें खरोखर गेले ते, ज्यांनीं वायु अडविण्यावर न थांबतां तो उपयोगांत आणला. वॉल्टर वेल्डन व हेन्री डीकन यांनीं १८६० ते १८७० या दशकांत आम्लापासून क्लोरीन काढण्याच्या किफायतशीर कृति सिद्ध केल्या. त्यापासून कापड व कागद शुभ्र करण्याची भुकटी तयार होऊं लागली आणि काल ओढ्यांत फेकलें जाणारें आम्ल आज मोलाचें ठरलें. गाळांतून गंधक परत मिळविण्याची चान्स यांची व्यावहारिक रीति १८८७-८८ च्या सुमारास आली. यांत नफ्याची दृष्टि होती म्हणून त्यांचें श्रेय उणें होतें, असें मला वाटत नाहीं. धंदेवाल्याकडून संन्यासाची अपेक्षा करणें व्यर्थ होय. त्याचा स्वार्थ शेजाऱ्याच्या हिताशीं जुळला हेंच पुष्कळ. शिवाय पुढें गेलेल्यांनीं जें शक्य करून दाखविलें, तेंच १८७४ च्या कायद्याच्या पाठीशीं होतें. त्या कायद्यानें टक्केवारीस जोड म्हणून धुरांड्यांतील वायूच्या दर घनफुटामागें एक पंचमांश ग्रेन आम्लाची मर्यादा घातली आणि इतर अपायकारक वायूंसाठीं व्यवहारतः जो उत्तम उपाय असेल तो योजण्याची सक्ति केली. उत्तम उपाय कोणता हें अखेर पुढें गेलेल्या कारखान्याकडे पाहूनच ठरावयाचें.

इंग्लंडांत मापन होतें, परंतु त्या मापनावरून कारखान्यांची प्रतवारी लावून ती लोकांपुढें मांडण्याची पद्धति नव्हती. ती उणीव भरून काढणारा एक ठळक प्रयोग सव्वाशे वर्षांहून अधिक काळानें इंडोनेशियांत झाला. तेथें कायदे होते, पण त्यांचा अंमल दुबळा होता. म्हणून सरकारच्या पर्यावरण खात्यानें १९९५ सालीं प्रोपेर नांवाची योजना काढून जलप्रदूषणाच्या दृष्टीनें १८७ कारखान्यांस रंग दिले. कायदा पाळणाऱ्यास निळा, त्याच्या पुढें जाणाऱ्यास हिरवा, सर्वोत्कृष्टास सोनेरी. न पाळणाऱ्यास लाल आणि घोर अपराध्यास काळा. पहिल्या फेरींत सोनेरी रंग एकासहि मिळाला नाहीं. हिरवे ५, निळे ६१, लाल ११५ व काळे ६ निघाले. जूनमध्यें हिरव्या पांचांचा जाहीर गौरव झाला. मागें पडलेल्यांस सुधारण्यासाठीं डिसेंबरपर्यंत अवधि देण्यांत आला. दर तिघांपैकीं दोघे कायद्याखालीं आहेत असें सरकारनें स्वतः कबूल केलें व सोनेरी जागा रिकामी ठेवण्याचें धैर्य दाखविलें, म्हणूनच त्या पांचांच्या हिरव्या रंगास किंमत आली. जेथें स्पर्धेंत उतरणारा प्रत्येक जण पारितोषिक घेऊन परततो, तेथें तें पारितोषिक भिंतीची शोभा वाढविण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रानेंहि या वाटेवर पाऊल टाकलें. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१७ च्या जूनमध्यें कारखान्यांस एक ते पांच तारे देण्याची योजना सुरू केली. धुरांड्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचें प्रमाण हा तिचा पाया, आणि कोणास किती तारे मिळाले हें कोणासहि पाहतां यावें हा तिचा हेतु. तत्त्व योग्यच आहे. तथापि सेंट हेलेन्सच्या ओढ्यांचें स्मरण असणाऱ्यानें पुढचा प्रश्न विचारावा: धुरांड्यावर पांच तारे मिळविणाऱ्याचें सांडपाणी कोठें जातें?

तेव्हां गौरव करावा, अवश्य करावा. कारण शिक्षेच्या भयानें माणूस रेषेपर्यंत येतो, पुढें जाण्यास त्याला दुसरें कांहीं लागतें. परंतु मोजणारा गौरव घेणाऱ्याचा आश्रित नसावा. मोजलेलें सर्वांस कळावें. आणि मोजतांना हवेबरोबर पाणी व पाण्याबरोबर माती पाहिली जावी. शिवाय आज ज्यास पदक दिलें त्याच्या कर्तृत्वाची पातळी उद्यां सर्वांस बंधनकारक करण्याची सरकारची तयारी हवी. १८७४ सालीं इंग्लंडनें तेवढें केलें. तें होत नसेल तर पदकें वाढत जातील आणि त्यांच्या शेजारीं ओढेहि पूर्वीसारखेच वाहत राहतील.