जुना लॅपटॉप, नवी प्रणाली आणि १९८१ चा वारसा (थ्रेड)

फॉरमॅट मारला, पेनड्राइव्ह लावला, आणि पडदा काळाच राहिला. नांदेड-लातूरकडे थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे आलेल्या लॅपटॉपची ही कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. दोष यंत्राच्या वयाला दिला जातो. वस्तुतः अनेकदा तो दोन कालखंडांमधील विसंवाद असतो.

१९८१ मध्ये नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्यातील चिपमध्ये 'बायोस' ही प्रणाली कायमची साठवलेली होती. वीज मिळताच ती यंत्राची तपासणी करी, डिस्कवरील पहिले ५१२ बाइट वाची आणि पुढील कारभार त्यांच्या हाती सोपवी.

१९८३ मध्ये या ५१२ बाइटांची वाटणी ठरली : ४४६ बाइट आरंभीच्या सूचनांना, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदीला आणि अखेरचे २ बाइट ओळखखुणेला. जणू चारच खातेदारांचा सातबारा! या 'एमबीआर' नोंदीत साधारण २ टेराबाइटपलीकडची जागा मावत नाही. त्या काळी १० मेगाबाइटची डिस्क ही चैन होती. एवढ्या दूरचा विचार कोण करणार?

पुढे इंटेलने बायोसला पर्याय शोधला आणि २००५ मध्ये त्यासाठी 'यूईएफआय' मंच स्थापन झाला. सोबत 'जीपीटी' ही नवी विभागनोंद आली. संक्रमणकाळातील कित्येक लॅपटॉप दोन्ही भाषा जाणतात, तर त्याआधीचे केवळ बायोस. विंडोज मात्र यूईएफआय पद्धतीत जीपीटी डिस्कच मागते आणि बायोस पद्धतीत एमबीआर. पेनड्राइव्ह एका पद्धतीचा व यंत्र दुसऱ्या, की स्थापना अडलीच. अशा वेळी घाईने सारी डिस्क पुसणारे घरची छायाचित्रे आणि प्रकल्प गमावतात. पेनड्राइव्ह योग्य पद्धतीने पुन्हा तयार केला असता, तर कदाचित तेवढ्यानेच काम भागले असते.

याहून विलक्षण प्रकरण २००३ च्या 'पेंटियम एम' प्रोसेसरचे. अधिक स्मृती हाताळण्याची 'पीएई' क्षमता त्याच्या आरंभीच्या नमुन्यांत होती. पण विचारल्यावर ते 'नाही' असेच सांगत! २०१२ च्या अखेरीस उबुंटूने पीएई अनिवार्य केले आणि ही धडधाकट यंत्रे स्थापनेच्या दारातूनच परत फिरली. २०१४ च्या आवृत्तीत 'फोर्स-पीएई' हा पर्याय आला, तेव्हा कुठे त्यांचा शब्द बाजूला ठेवून त्यांना आत घेता आले.

सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली, मराठीतही वापरता येणारी 'बॉस' प्रणाली ज्या डेबियनवर उभी आहे, त्या डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठीचा स्थापक देणेच थांबवले. तेव्हा जुन्या यंत्रावर काहीही टाकण्यापूर्वी त्याचा प्रोसेसर ३२-बिट की ६४-बिट, हे आधी पाहावे लागते.