मुठेच्या कालव्याकाठचा मुरमाचा रस्ता कोणाचा?

पुण्यात गाड्यांशिवायचा सलग सायकल रस्ता नाही, असं आपण सगळेच म्हणतो. माझं म्हणणं आहे की तो आहे, जवळपास दीडशे वर्षांचा आहे, आणि तो राहणार की जाणार हे येत्या काही वर्षांत ठरणार आहे. पोस्ट लांब आहे. पण सिंहगड रोड, स्वारगेट, वानवडी, हडपसर, लोणी, उरुळी यापैकी कुठेही राहत असाल तर विषय तुमच्या घरामागचाच आहे.

मी बोलतोय मुठा उजव्या कालव्याबद्दल. आपल्या भाषेत कॅनॉल. जुन्या लोकांच्या भाषेत पाट.

खडकवासल्याचं धरण 1869 च्या सुमारास सुरू झालं आणि 1879 मध्ये पुरं झालं. योजना रॉयल इंजिनिअर्समधल्या फाइफ साहेबांची, म्हणून जलाशयाला इंग्रजी कागदांत ‘लेक फाइफ’ असं नाव. हेतू दोन होते: पुणे आणि खडकी छावणीला भरवशाचं पाणी, आणि पूर्वेकडच्या अवर्षणग्रस्त गावांना शेतीचं पाणी. धरणातून दोन कालवे निघाले. डावा आखूड, खडकीकडे जाणारा. उजवा लांबलचक, पर्वतीच्या पायथ्यावरून, एम्प्रेस गार्डनला खेटून, हडपसर, लोणी, उरुळी, यवत करत पार पाटसपर्यंत, म्हणजे सुमारे 112 किलोमीटर. हे काम चालू असतानाच 1876-78 चा मोठा दुष्काळ दख्खनवर कोसळला. पाणी आणि पोट यांचा हिशेब तेव्हा पुस्तकी नव्हता.

आता सायकलवाल्यांच्या कामाची गोष्ट. कालव्यातलं पाणी पंपाने नाही, उताराने जातं. हा उतार इतका कमी ठेवावा लागतो की डोळ्याला कळत नाही. म्हणून कालवा टेकडी चढत नाही, दरीत उतरत नाही, टेकडीच्या कडेने एकाच पातळीवर वळसे घेत जातो. आणि त्याला चिकटून भरावावर देखरेखीचा रस्ता असतो. साहेब घोड्यावरून पाहणीला यायचा, पाटकरी पायी किंवा सायकलवर फिरून दारं उघडायचा, चाऱ्यांना पाळी द्यायचा, नंतर खात्याच्या जीप आल्या. रस्ता मुरमाचा. डांबराची गरजच नव्हती, कारण त्यावर रहदारी अपेक्षितच नव्हती.

म्हणजे बघा: चढ नाही, सिग्नल नाही, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं. लोक हल्ली महागडी ग्रॅव्हल बाइक घेऊन असला रस्ता शोधत फिरतात. आमच्याकडे पाटकऱ्यांनी तो साध्या काळ्या सायकलवर पिढ्यान्‌पिढ्या वापरला.

मी स्वतः हडपसरच्या पुढून उरुळीकडे या रस्त्याने बऱ्याचदा जातो. सकाळी ऊस ओला असतो, तारेवर खंड्या बसलेला असतो, घाटावर धुणं चाललेलं असतं, मध्येच कुणाच्या मोटारीचा पाइप गुपचूप कालव्यात सोडलेला दिसतो. बाभळीचे काटे मात्र सांभाळावे लागतात, पंक्चरचं सामान घेतल्याशिवाय जाऊ नका. काही टप्प्यांत राडारोडा, काही टप्प्यांत कचरा. शहरात तर सलग जाताच येत नाही. कुठे डांबरी रस्ता झालाय, कुठे भिंत आडवी, कुठे घरं पार काठापर्यंत.

या रस्त्याच्या कडेने पुण्याचा इतिहास कसा पसरलाय तेही सांगतो. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला तो सिंहगडाच्या दिशेने, पुढे कोकणात, आणि वर्षअखेरीला वसईचा तह. कालवा तेव्हा नव्हता, पण हडपसर ते सिंहगडाचा पायथा ही खोऱ्यातली वाट तीच. सायकलवरून ती एका सकाळीत उलगडते, गाडीतून कधीच कळत नाही.

दुसरं नाव महात्मा फुल्यांचं. जोतीराव सरकारी कंत्राटदारही होते आणि 1870 च्या दशकात या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचं सामान पुरवलं. मांजरीला त्यांची शेती होती, याच कालव्याच्या टापूत. म्हणजे पाणीखातं आतून कसं चालतं हे त्यांनी कंत्राटदार म्हणूनही पाहिलं आणि शेतकरी म्हणूनही. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाणीखात्यावर त्यांनी जी टीका केली, ती ऐकीव नव्हती. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाचा उपयोग कोणाला, हा त्यांचा प्रश्न. तोच मी आज काठावरच्या रस्त्याबद्दल विचारतोय.

मग 12 जुलै 1961. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. नदीकाठच्या पेठांचं काय झालं ते आपल्या घराघरात सांगितलं जातं. पण धरणच फुटल्यावर कालव्यात पाणी येणंही थांबलं आणि शहराला जुन्या विहिरी आठवल्या, हे कमी सांगितलं जातं. पुढे धरण दुरुस्त झालं आणि नवा उजवा कालवा इंदापूरपर्यंत गेला. शहर वाढत कालव्याच्या दोन्ही बाजूंना पसरलं. 27 सप्टेंबर 2018 ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पूल परिसरातल्या शेकडो घरांत पाणी शिरलं. ज्यांचा संसार वाहून गेला त्यांनी कालव्याच्या देखभालीबद्दल विचारलेले प्रश्न अजून जुने झालेले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. खडकवासला ते फुरसुंगी सुमारे 28 किलोमीटरचा बोगदा करून पाणी त्यातून न्यायचं, अशी योजना पुढे आलेली आहे. गळती आणि चोरी थांबेल, हे म्हणणं रास्त आहे, बोगद्याला माझा विरोध नाही. पण पाणी जमिनीखाली गेलं की शहरातून जाणारी एक लांब, सलग, सपाट सरकारी पट्टी मोकळी होईल. अशी जमीन पुण्यात दुसरी नाही. आणि तिच्यावर गाड्यांचा रस्ता करायची चर्चा आत्ताच सुरू आहे.

असं झालं तर काय होतं, याचं उदाहरण दूर नाही. डावा कालवा आठवा. पाणी बंद झालं, आणि आज कर्वेनगर-एरंडवण्यात त्याचं उरलंय काय? ‘कॅनॉल रोड’ हे नाव आणि दुतर्फा पार्किंग. तिथल्या मुलांना विचारा कॅनॉल कुठे आहे, ती तुमच्याकडे बघत राहतील.

इंग्लंडात कालव्याकाठी बोटी ओढणारे घोडे चालायचे. बोटींचा धंदा बसला, पण काठची वाट त्यांनी मोडली नाही, आज तिथे लोक चालतात, सायकली चालवतात. आपल्याला तेवढं लांब जायचीही गरज नाही. वाट तयार आहे, मोडायची नाही एवढंच करायचंय.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, शहराबाहेरच्या टप्प्यात देखरेखीचा रस्ता पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी अधिकृतपणे खुला करा, दुचाकी-चारचाकीला अडथळे लावा, धोक्याच्या जागी कठडे घाला. कालव्यात माणसं बुडतात, हे विसरून चालणार नाही. दोन, रस्ता मुरमाचाच ठेवा. डांबर आलं की त्यामागे गाड्या येतात, हा अनुभव आहे. तीन, शहरातल्या पट्टीबद्दल निर्णय घेण्याआधी नकाशा लोकांसमोर ठेवा. आणि चार, सायकलच्या नावाखाली काठावरच्या वस्त्या उठवू नका. सकाळी सहाला कामाला सायकलने जाणारा माणूस त्याच वस्तीत राहतो. हा रस्ता आमच्यासारख्या रविवारच्या हौशी लोकांच्या आधी त्याचा आहे, आणि शाळेला जाणाऱ्या पोरींचा आहे.

हे विचारायला मी एका कार्यालयात गेलो होतो. जागा आमची पण विषय त्यांचा, असं उत्तर मिळालं. त्यांच्याकडे गेलो तर विषय आमचा पण जागा त्यांची. म्हणून इथे लिहितोय.

तुमच्या भागात कालव्याकाठचा रस्ता आज कुठून कुठपर्यंत सायकलने जाता येतो, कुठे अडतो, ते कमेंटमध्ये ठिकाणासह लिहा. कोणाचे आजोबा-पणजोबा पाटकरी असतील तर त्यांच्या आठवणी आवर्जून सांगा. आपण तुकडे जोडून नकाशा करू आणि तो घेऊनच पुढच्या वेळी टेबलासमोर उभे राहू. एकट्याला फिरवता येतं. नकाशा घेऊन आलेल्या दोनशे जणांना फिरवणं जड जातं.