नरक्या: नंदुरबार, गोरेगाव आणि घाटातलं एक झाड

कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे नरक्याचं लाकूड चोरून नेताना कुणीतरी पकडल्याची बातमी अधूनमधून येते. चार ओळींची बातमी. आपण वाचतो, पान उलटतो. पण या झाडामागचा इतिहास माहीत असता तर पान इतक्या सहज उलटलं नसतं, असं मला वाटतं.

सुरुवात अमेरिकेत होते. १९५०च्या दशकात मन्रो वॉल तिथल्या कृषी खात्यात कॉर्टिसोन बनवायला उपयोगी वनस्पती शोधत होते. त्या नमुन्यांतच कॅलिफोर्नियात लावलेलं एक चिनी झाड होतं. त्याच्या अर्काची कर्करोगावर चाचणी झाली आणि तो प्रभावी ठरला. पुढे नॉर्थ कॅरोलिनात वॉल यांच्यासोबत काम करायला आले मनसुख वाणी. जन्म १९२५, गाव आपलं नंदुरबार. १९६६ साली या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अल्कलॉइडची रचना जगासमोर मांडली. नाव कॅम्प्टोथेसिन. याच जोडीनं १९७१मध्ये टॅक्सॉलचीही रचना शोधली.

आता गोरेगावला या. १९७२ साली तिथल्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हेच द्रव्य सह्याद्रीतल्या एका झाडात सापडलं. तेही चिनी झाडापेक्षा जास्त प्रमाणात. ते झाड म्हणजे नरक्या. वास इतका घाण की तेव्हाच्या शास्त्रीय नावातही 'फोइटिडा', म्हणजे दुर्गंधी, होतं.

पण गंमत बघा, तेव्हा औषध जवळपास बाद झालं होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांना त्याचा फार त्रास झाला. त्याला पुन्हा जिवंत केलं ते प्रयोगशाळेनं. पेशीतल्या डीएनएला पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा परत सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं सांधण्याच्या वेळी मध्ये घुसतं. कापलेला धागा कापलेलाच राहतो. हे १९८५ साली लेरॉय लिऊ यांच्या गटानं दाखवलं. तेव्हापासून या विकराचा अभ्यास करणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञांसाठी कॅम्प्टोथेसिन हे रोजचं हत्यार आहे. त्याच्यापासूनच टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आली. दोन्हींना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकान जगभर वापरतात.

आणि मागणी वाढली तशी कुऱ्हाड आली घाटात.

मला राग तोडणाऱ्या मजुरावर येत नाही. त्याच्या हातात दिवसाची मजुरी पडते, खरा नफा साखळीच्या वरच्या टोकाला. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. झाडाचा फायदा ज्या गावाच्या जंगलातून निघतो त्या गावाला वाटा मिळावा, हे त्यात लिहिलंय. मग नरक्याच्या गावांना किती मिळालं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे? रोपवाटिका, लागवड, पानं-फांद्यांची मोजून तोड हे सगळं करता येण्यासारखं आहे. मुळासकट उपटायची गरज नाही.

पकडलेला टेम्पो ही बातमी होते. जंगलात उरलेली झाडं मोजणं ही बातमी होत नाही. ती व्हायला हवी.