झिजलेला बिल्ला आणि संहितेचा प्रश्न : जुन्या शिवणयंत्रांवरील अक्षरांच्या पुनर्निर्मितीविषयी

जुने यंत्र पुन्हा चालते करणारा माणूस आधी गंज काढतो, अडकलेले भाग सोडवतो, झिजलेले सुटे भाग बदलतो, आणि बरेचसे काम उरकल्यावर अशा एका गोष्टीपाशी येऊन थांबतो की जिच्यावाचून यंत्राचे काहीही अडत नाही. ती म्हणजे यंत्राच्या अंगावरची अक्षरे. निर्मात्याचा पितळी बिल्ला, सोनेरी नक्षी, स्थानिक विक्रेत्याने ठोकलेली पत्र्याची पट्टी, हे सारे बहुधा निम्मे पुसलेले असते. ते पुन्हा काढावे काय, कोणत्या आधारे काढावे, आणि नवी अक्षरे जुन्या अक्षरांची जागा घेतात तेव्हा नेमके काय घडते, हे प्रश्न कारागिराचे आहेत असा आपला समज असतो. ते मुळात पाठचिकित्सेचे प्रश्न आहेत, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यांचा विचार केल्यास ‘भ्रष्ट पाठ’ या आपल्या परिचित कल्पनेकडेच त्याला पुन्हा एकदा पाहावे लागते, असे मला येथे मांडावयाचे आहे. डी. एफ. मॅकेन्झी यांनी १९८६ मध्ये ‘संहिता’ या संज्ञेची व्याप्ती छापील पुस्तकाबाहेर नेली, तेव्हा नकाशे आणि चित्रपटही तीत आले. शिवणयंत्रावरचा बिल्ला तीत बसविण्यास फारशी ओढाताण करावी लागू नये.

शिवणयंत्राचे उदाहरण मी दोन कारणांनी घेतो. एक म्हणजे त्याच्या अंगावर मजकूर आणि अलंकरण इतके दाटीने असते की कापड शिवण्याच्या साधनावर एवढे कशासाठी लिहावे, असा प्रश्न पडतो. दुसरे असे की हे परके यंत्र भारतीय घरात फार लवकर घरचे झाले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या २०१३ च्या ग्रंथात सायकल, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्या जोडीला शिवणयंत्र घेऊन ही प्रक्रिया सविस्तर तपासली आहे. यंत्रांविषयी कठोर असलेल्या गांधीजींनीही १९२४ मधील एका संवादात सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून वगळले होते, हे सर्वश्रुत आहे.

माझ्या आत्याचे हातमशीन सिंगरच्या १२७ के या जातीचे. बैठकीवर ठोकलेला क्रमांक ‘वाय’ या रोमन अक्षराने सुरू होतो. त्यावरून ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तयार झाले, एवढे निश्चित सांगता येते. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. काळ्याभोर लाखी रंगावर सोनेरी स्फिंक्सची नक्षी, आडव्या हातावर कंपनीचे नाव, आणि उभ्या खांबावर लंबगोल पितळी बिल्ला. बिल्ल्यावर शटल, परस्परांना छेदणाऱ्या दोन सुया आणि दोऱ्याने घेतलेले ‘एस’ या अक्षराचे वळण. इजिप्तची ही स्फिंक्स आमच्या घरात कोणीच ओळखली नव्हती. आत्या तिला ‘सिंहीण’ म्हणे, आणि खंडेनवमीला हळदकुंकू वाहताना बोट आधी बिल्ल्याला आणि मग सिंहिणीला लागे. कित्येक वर्षांचे हे कुंकू बिल्ल्याच्या खोलगट भागात बसून कडक झाले होते. शटलचा आकार त्यामुळे जवळजवळ भरून गेला होता.

ही नक्षी हाताने रंगविलेली नसते. कागदावर छापलेले चित्र यंत्राच्या रंगावर उतरवायचे आणि त्यावर पारदर्शक रोगण चढवायचे, अशी ही पद्धत. रोगणात लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मला हे ठाऊक नव्हते. आत्याच्या पश्चात मशीन माझ्याकडे आले तेव्हा मी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून ते ‘स्वच्छ’ करावयास घेतले. सोनेरी रेषा आधी रुपेरी झाल्या, आणि मी अजून मळच निघत आहे अशा समजुतीने घासत राहिलो. स्फिंक्सचे तोंड गेले तेव्हा थांबलो. शिवणयंत्राचे साधे तेल आणि मऊ फडके एवढ्यावर भागले असते. आयुष्यभर हस्तलिखितांच्या हाताळणीविषयी विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या माणसाने हे करावे, याची लाज अजून गेलेली नाही.

नष्ट झाले ते केवळ चित्र नव्हते. बैठकीच्या पुढल्या कडेची नक्षी माझ्या हातून नव्हे, आधीच गेली होती, कारण कापड नेहमी तेथूनच सरकते. शिवणाऱ्याचा डावा हात जेथे टेकतो तेथेही ती विरळ झाली होती. आता बाजारात याच नक्षीच्या नव्या प्रती मिळतात. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायच्या, वाळू द्यायच्या, वर रोगण द्यायचे. त्या लावल्या की पुढली कड पुन्हा भरगच्च सोनेरी होते आणि आत्याच्या चाळीस वर्षांच्या शिवणकामाचा एकमेव लिखित पुरावा नाहीसा होतो. तिने कोठेही दुसरे काही लिहून ठेवलेले नाही. पाठचिकित्सेच्या परिभाषेत, हस्तदोष आणि लोप यांना आपण मूळ पाठाकडे जाण्याच्या वाटेतील अडथळे समजतो. येथे लोप हाच वाचकाचा, किंबहुना वापरणाऱ्याचा, पाठ आहे.

तरीही पुनर्निर्मिती करूच नये, असे मी म्हणणार नाही. बिल्ला हरवलेले, नाव पुसलेले यंत्र भंगारात जाण्याचा संभव अधिक असतो, हे अनुभवी संग्राहक सांगतात आणि ते खरे आहे. प्रश्न कशाची प्रत करावयाची हा आहे. बहुतेक कारागीर चार-पाच यंत्रांवरून, एकाची अक्षरे, दुसऱ्याची किनार, तिसऱ्याचा स्फिंक्स असे घेऊन एक निर्दोष नक्षी तयार करतात. तिरप्या उजेडात छायाचित्र, पेन्सिलने कागदावर उमटविलेला ठसा, जुन्या सूचिपत्रांतील चित्रे, मग संगणकावर रेषेनुसार पुनरालेखन, अशी ही मेहनत असते, आणि ती मोठी असते. परंतु तिच्या शेवटी जी नक्षी सिद्ध होते ती कोणत्याच यंत्रावर कधी नव्हती. लाखमानच्या पद्धतीवर जोझेफ बेदिए यांनी १९२८ मध्ये जो आक्षेप घेतला तो हाच. एक उत्तम पोथी निवडून तिच्याशी प्रामाणिक राहावे, हा त्यांचा मार्ग कारागिरालाही खुला असतो. माझा कल त्याच बाजूला आहे. मात्र पोथी निवडतानाही प्रश्न सुटत नाही, कारण यंत्राचे ‘मूळ’ रूप कोणत्या दिवसाचे मानावयाचे?

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात दीर्घकाळ राहिलेल्या ‘फेअरी क्वीन’ या वाफेच्या इंजिनाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. ते १८५५ साली लीड्सच्या किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसन यांनी ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बांधले. ज्या नावाने जग त्याला ओळखते ते नाव त्याला मिळाले १८९५ मध्ये. १९०९ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले आणि १९९७ मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा धावू लागले. १८५५ चे रूप प्रमाण मानले तर नावाची पट्टी हा प्रक्षेप ठरतो. पण तो काढून टाकण्यास कोण धजेल? प्रक्षेपच येथे ग्रंथाचे शीर्षक झाला आहे.

उलट टोकाला नकली बिल्ला असतो. सिंगरने १९५१ मध्ये कंपनीच्या शताब्दीनिमित्त निळ्या कडेचा बिल्ला काढला. तशाच बिल्ल्याची नवी प्रत दुसऱ्या वर्षीच्या यंत्रावर बसविणे काही मिनिटांचे काम आहे, आणि तसे करणारा पाठ दुरुस्त करीत नसतो, तर तारीख बनवीत असतो. क्रमांक बैठकीवर स्वतंत्र ठोकलेला असतो म्हणून ही लबाडी उघडकीस येऊ शकते. पण क्रमांक वाचणारे ग्राहक थोडे.

म्हणून प्रतीने स्वतःला प्रत म्हणून ओळखू दिले पाहिजे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जीर्णोद्धाराची सीमा तर्क जेथे सुरू होतो तेथे घातली आणि नवा भाग मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा, अशी अपेक्षा ठेवली. ऐतिहासिक वाहनांसाठीच्या २०१२ च्या ट्यूरिन सनदेतही तोच विचार आहे. चेझारे ब्रांदी यांच्या रोममधील संस्थेत भित्तिचित्रांतील रिकाम्या जागा बारीक उभ्या रेघांनी भरण्याची रीत पडली. ती भर दुरून चित्रात मिसळते आणि जवळून वेगळी कळते. पण आपल्याला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, १९२५ पासून तिची धुरा वाहणाऱ्या विष्णु सीताराम सुखटणकरांनी अनिश्चित वाटणाऱ्या पाठाखाली नागमोडी रेघ दिली. पाठ दिला आहे, पण त्याची खात्री नाही, हे वाचकाला त्याच ओळीत सांगणारी ही रेघ जुन्या यंत्रांच्या कारागिरांना कोणीतरी शिकवावयास हवी, असे मला फार वाटते.

माझ्यावर ती पाळी आली ती नक्षीच्या बाबतीत नव्हे. मशीनच्या लाकडी बैठकीवर विक्रेत्याची एक पत्र्याची पट्टी होती, अक्षरे ठशाने दाबून उठविलेली. रंग उडालेला, पृष्ठभाग गंजून खड्डे पडलेला. ‘शिवण्याची यंत्रे येथे दुरुस्त करून मिळतील’ एवढे वाचता येत होते. पट्टी लाकडावरून निखळू लागली होती म्हणून, ती जपून ठेवून जागेवर प्रतिकृती लावावी, असे ठरविले. दिल्लीत हे काम करणाऱ्या तरुणाने दोन दिवसांत संगणकावर सुबक मजकूर जुळवून दाखविला. पाहताक्षणी काही तरी चुकले आहे, असे वाटले. ‘शिवण्याची’तील श आणि ‘मिळतील’मधील ल हिंदी वळणाचे होते. संगणकावरील बहुतेक देवनागरी टंकांत तीच रूपे मूळ धरलेली असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वळणाची रूपे प्रमाण ठरविली तरी टंकांच्या सवयी सहज बदलत नाहीत. मुळातील अक्षरे कोणत्याच टंकातील नव्हती. ती कोणा ठसे कोरणाऱ्याच्या हातची होती. तरुणाने कुरकुर न करता ती एकेक करून पुन्हा काढली.

अवघड प्रश्न टिंबांचा होता. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळले. त्यापूर्वीच्या रीतीने हाच मजकूर ‘शिवण्याचीं यंत्रें येथें’ असा लिहिला गेला असता. पट्टीवर अक्षरांच्या माथ्यावर खळगे होते खरे, पण खळगे सर्वत्रच होते. गंजाचा खड्डा आणि झिजलेला अनुस्वार यांत फरक कसा करावयाचा? तीन टिंबांवर पट्टीचा काळ काही अंशी अवलंबून होता. काही अंशी अशासाठी, की पाट्या लिहिणारे नियमांच्या मागे पंधरा-वीस वर्षे राहू शकतात.

उत्तर पट्टीच्या पाठीमागे होते. दाबून उठविलेले अक्षर मागून खोलगट दिसते आणि लाकडाला चिकटलेली बाजू हवेपासून बरीच वाचलेली असते. पट्टी काळजीपूर्वक सोडवून आरशात वाचली तेव्हा ‘त्रें’ आणि ‘थें’ यांवर गोल, गुळगुळीत, ठशाचीच म्हणता येईल अशी खूण मिळाली. ‘ची’च्या माथ्यावर मात्र पट्टी लाकडाला ठोकणाऱ्या खिळ्याचे भोक होते.

व्याकरणाने तेथे अनुस्वार हवा. ‘यंत्रें’ लिहिणाऱ्याने ‘शिवण्याचीं’ लिहिले असणार, हा तर्क बळकट आहे. पण दुकानाच्या पाट्या इतक्या सुसंगत क्वचितच असतात. तरुणाने विचारले, टिंब देऊ की नको? मी देऊ नको म्हणालो, आणि प्रतिकृतीच्या मागल्या बाजूस वर्ष आणि ‘नवी प्रत’ एवढे शब्द कोरावयास सांगितले. पट्टी जागेवर बसविताना जुनाच खिळा त्याच भोकातून ठोकला. मूळ पट्टी आता कापडात गुंडाळून मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याशेजारी ठेवली आहे.