ज्ञापकत्व आणि वैद्यापुढचे मौन

चिकित्सा चार पायांवर उभी असते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे: वैद्य, औषधी द्रव्य, शुश्रूषा करणारा परिचारक आणि खुद्द रोगी. या प्रत्येकाचे चार-चार गुण तेथे दिलेले असून रोग्याच्या वाट्याला स्मृती, निर्देशकारित्व म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे, अभीरुत्व म्हणजे न भिणे आणि ज्ञापकत्व हे गुण येतात. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते वैद्याला नीट कळवता येणे. त्याच संहितेच्या विमानस्थानात आचार्य शिष्याला जो उपदेश करतो, त्यात रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर फोडू नयेत असेही बजावलेले आहे. ही दोन कलमे वेगवेगळ्या स्थानांत आली असली तरी एकमेकांशिवाय ती अर्धवट राहतात, कारण आपला शब्द पुढे कोठे जाईल याचा भरवसा नसेल तर रोग्याकडून ज्ञापकत्वाची अपेक्षा करणे व्यर्थ ठरते.

व्यवहारात मात्र वैद्यकीच्या लौकिकाने वेगळी वाट धरली. पाहणे, स्पर्श करणे आणि विचारणे अशी त्रिविध परीक्षा जुन्या ग्रंथांत होती; नाडीपरीक्षेचे पद्धतशीर वर्णन चरकात वा सुश्रुतात नसून ते पुढे, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या शार्ङ्गधरसंहितेत येते, आणि त्यानंतरच्या योगरत्नाकरात नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, नेत्र व आकृती अशी अष्टविध परीक्षा मांडताना नाडीला पहिले स्थान मिळते. ग्रंथकारांनी प्रश्न विचारणे कधीच रद्द केले नव्हते. पण मनगटावर तीन बोटे ठेवून कालचे जेवणसुद्धा ओळखणारा तो खरा वैद्य, ही समजूत लोकांत रुजली आणि रोग्याने गप्प बसावे व वैद्याने ओळखावे, अशी जणू परीक्षाच सुरू झाली. ज्या समाजात कित्येक गोष्टी तोंडाने उच्चारणेच अवघड होते, तेथे ही समजूत सोयीचीही होती.

सर्वांत जास्त सोय, आणि सर्वांत जास्त हानी, स्त्रियांची झाली. पाळी, अंगावरून जाणे, गर्भपात, मूल न होणे या गोष्टी पुरुषाला सांगायच्या नसतात, म्हणून त्या सासू किंवा नवरा यांच्या तोंडून, गाळून व मऊ करून वैद्यापर्यंत जात, किंवा सुइणीपाशीच थांबत. 1883 साली अमेरिकेला जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे दिलेल्या भाषणात आनंदीबाई जोशी यांनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे हे आपल्या प्रवासाचे कारण म्हणून मांडले होते. त्याच वर्षी एडिथ पेची या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. पुढे 1886 साली पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांचे व मुलांचे कामा रुग्णालय उभे राहिले, आणि रखमाबाईंसारख्या डॉक्टर झालेल्या स्त्रियांनी पुढे सुरत व राजकोट येथे याच कामात उमर घालवली. या चळवळीकडे सहसा स्त्री-शिक्षणाचा अध्याय म्हणून पाहिले जाते. पण पडद्याआड बोलता यावे यासाठी ऐकणारी व्यक्ती बदलण्याचा तो प्रयत्नही होता, ही बाजू दुर्लक्षित राहते.

ऐकणारा बदलला तरी ऐकलेल्याचे पुढे काय होते हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या लोकांना प्लेगने फार कडवटपणे दिले. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी गाठींचा ताप ओळखला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला, आणि त्यानंतर रोगी असल्याचे सांगणे म्हणजे घर गमावणे, माणूस इस्पितळात किंवा अलगीकरणाच्या छावणीत जाणे, सामान जाळले जाणे असा अर्थ झाला. प्लेगच्या गाठी काखेत व जांघेत येत असल्याने तपासणी म्हणजे अंगावरचे कपडे दूर करणे असे. पुण्यात सोल्जर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले तेव्हा लोकांनी आजारी माणसे माळ्यावर, परसात, आप्तांच्या घरी लपवली, प्रेतेही गुपचूप हलवली. 22 जून 1897 रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. मात्र त्यामागची लपवाछपवी ही केवळ अडाणीपणाची गोष्ट नव्हती. ताप सांगितल्यावर औषधापेक्षा शिपाई आधी येतो, हा लोकांचा अनुभव होता, आणि त्या अनुभवातून निघालेला निष्कर्ष, साथीच्या दृष्टीने कितीही घातक असला, तरी अतार्किक म्हणता येत नाही.

शारीरसंबंधांतून होणाऱ्या रोगांना मराठीत जे नाव पडले त्यातच सारे आले: गुप्तरोग. दुखण्याचे नावच जेथे लपवण्यास सांगते, तेथे खुल्या दवाखान्याऐवजी वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून टपालाने मागवलेल्या, बाहेर काहीही न लिहिलेल्या पुडक्याला गिऱ्हाईक मिळाले, तर नवल नव्हते. या कोंडीत र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 पर्यंत ते चालवले. त्यातील प्रश्नोत्तरांत वाचक हस्तमैथुन, नपुंसकत्व, समलिंगी आकर्षण, संततिनियमन यांविषयी मोकळेपणाने विचारत. गंमत अशी की उत्तरे देणारे कर्वे हे डॉक्टर नव्हतेच. ते गणिताचे प्राध्यापक होते, आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गमावून बसले होते. घरच्या डॉक्टरला जे सांगता येईना ते गणिताच्या माणसाला लिहिले गेले, कारण त्या पत्राला चेहरा नव्हता. वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला, त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही दंड झाला.

कायद्याने रोग्याच्या शब्दाला संरक्षण देण्यात फार घाई केली नाही. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याने पक्षकार व वकील यांच्यातील बोलणे न्यायालयातही गुप्त ठेवण्याची मुभा दिली, पण रोगी व डॉक्टर यांच्यातील बोलण्याला ती दिली नाही. डॉक्टरवरचे बंधन व्यवसायाच्या नीतिनियमांपुरते राहिले. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या प्रकरणात गुप्ततेचा हक्क निरपवाद नसल्याचे म्हटले, आणि एचआयव्हीविषयक माहितीच्या गोपनीयतेची तरतूद करणारा स्वतंत्र कायदा संसदेने 2017 मध्ये केला.

गर्भपाताच्या बाबतीत मात्र वेगळा धडा लवकर शिकला गेला. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1966 साली अहवाल दिला, ज्यात चोरून होणाऱ्या गर्भपातांचा प्रश्न मुळाशी होता, आणि त्यातून 1971 चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याखालील नियमांनुसार स्त्रीची संमती व डॉक्टरांचे प्रमाणित मत एका पाकिटात घालून ते मोहोरबंद केले जाते, पाकिटावर ‘गोपनीय’ असे लिहून नावाऐवजी प्रवेश-नोंदवहीतील अनुक्रमांक टाकला जातो, आणि ती नोंदवही स्वतः गोपनीय दस्तऐवज मानली जाते.